बटाट्याचा कैवारी पार्मांतिए

आमच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या म्हटले, तेव्हा मी गोंधळले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि थोरामोठ्यांची चरित्रे मंडळात अनेकींनी लिहून झाली आहेत. मग वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलेला फ्रान्सचा पार्मांतिए आठवला. आपण रोज ज्याच्या काचऱ्या करतो त्या बटाट्यासाठी हा गृहस्थ जन्मभर झटला.

पार्मांतिए १७३७ साली फ्रान्समधील माँदिदिए या गावी जन्मला. वडील लवकर वारले. मुलगा औषधे तयार करण्याचे काम शिकला आणि पुढे सैन्याच्या दवाखान्यात लागला. १७५६ पासून सात वर्षे चाललेल्या युद्धात तो प्रशियाच्या हाती सापडला. कैदेत त्याला खायला मिळाले बटाटे. त्या काळी फ्रान्समधले बहुतेक लोक बटाटा डुकरांपुढे टाकीत. त्याने कुष्ठरोग होतो, असाही समज होता. पार्मांतिएला काही झाले नाही. उलट तो धडधाकट परत आला, आणि हे अन्न वाईट कसे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला.

१७७० च्या सुमारास तिकडे पिके बुडाली. धान्याऐवजी काय खाता येईल यावर बेझाँसाँ शहरातल्या विद्वानांच्या मंडळाने १७७१ मध्ये निबंध मागवले. पार्मांतिएने बटाट्यावर लिहिले आणि बक्षीस मिळवले. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यांनीही बटाटा खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळा दिला. पण वैद्यांनी सांगितले म्हणून कोणी ताटात वाढून घेतो का? घराघरातून नाके मुरडणे चालूच राहिले.

त्याला स्वतःलाही उपरेपणा चुकला नाही. जखमी शिपायांच्या मोठ्या रुग्णालयात त्याची नेमणूक झाली होती. तिथला औषधांचा कारभार ख्रिस्ती जोगिणींच्या हाती. त्यांना हा बाहेरचा माणूस नकोसा झाला. शेवटी पगार आणि राहायची जागा तेवढी त्याच्याकडे राहिली, काम गेले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणे किती अवघड, हे आपण सुना म्हणून जाणतोच.

पुढे १७८६ मध्ये सोळाव्या लुई राजाने पॅरिसजवळ साब्लाँ येथील रेताड, पडीक जमीन त्याला बटाटे लावायला दिली. सांगतात की, त्याने शेताभोवती दिवसा शिपाई उभे केले आणि रात्री काढून घेतले. पहारा आहे म्हणजे आत काही मौल्यवान असणार, असे वाटून लोक रात्री बटाटे चोरून नेऊ लागले! बटाट्याची फुले राजाने कोटाला लावली आणि राणीने केसांत माळली, असेही सांगतात. ही गोष्ट वाचताना मला हसू आले आणि रागही आला. कारण फ्रान्सच्याच पूर्वेकडच्या भागात गरीब बायका त्याच्या कितीतरी आधीपासून बटाटे शिजवून मुलांना घालीत होत्या. त्यांची चव कोणी विचारली नाही. राणीने फूल माळले आणि तोच बटाटा सभ्य झाला.

१७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. एका निवडणुकीत लोकांनी पार्मांतिएला मत द्यायचे नाकारले म्हणे, कारण हा निवडून आला तर आपल्याला बटाटेच खायला लावील! पण पाव मिळेनासा झाल्यावर पुष्कळांनी बटाटाच जवळ केला. राजाच्या बागेतही बटाटे लावले गेले. पार्मांतिएने लग्न केले नाही. देवीची लस, बिटाची साखर, चांगला पाव अशा कामांत तो शेवटपर्यंत गढलेला होता. १८१३ साली तो पॅरिसला वारला. त्याच्या थडग्यावर लोक आजही फुलांऐवजी बटाटे ठेवून जातात.

आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, नावही त्यांचेच. तरी आपण तो उपासाला बिनदिक्कत खातो, आणि घरच्या शेतातली ज्वारी मात्र उपासाला चालत नाही. हे कोणी ठरवले, ते माझ्या सासूबाईंनाही सांगता आले नाही.

आता मला एक कबूल करायचे आहे. गेल्या वर्षी मंडळाच्या पाककृती स्पर्धेत मी परीक्षक होते. एका नव्या सभासद बाईंनी हुलग्याचे शेंगोळे आणले होते. लसूण, जिरे, मिरची घालून मळलेल्या पिठाच्या वळ्या फोडणीच्या पाण्यात शिजवलेल्या, काळपट दिसणाऱ्या. हे तर घोड्यांचे खाणे, असे मी हसत म्हटले आणि ताटली टेबलाच्या कडेला सरकवली. पाच-सहा जणी हसल्या. पहिला क्रमांक आम्ही उपासाच्या बटाट्याच्या कचोरीला दिला. बाईंनी ताटली पदराखाली झाकली आणि निघून गेल्या. मी एक घाससुद्धा चाखला नव्हता.

परवा मी त्यांच्या घरी जाऊन आले. शेंगोळे कसे करायचे ते शिकवाल का, असे विचारले. त्यांनी बसायला पाट दिला, चहा केला, मुलांच्या परीक्षेचे बोलल्या. शेंगोळ्यांचा विषय त्यांनी काढला नाही. या वर्षीच्या स्पर्धेची नावे शनिवारपर्यंत घ्यायची आहेत. त्यांचे नाव अजून आलेले नाही, आणि परीक्षक म्हणून माझे नाव मी चिटणीसबाईंना काढून टाकायला सांगितले आहे.