डॉ. रखमाबाई : न्यायालयापासून रुग्णालयापर्यंत

आपल्या बडोद्याहून आगगाडीने दोन-अडीच तासांवर सुरत आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तेथील स्त्रियांच्या रुग्णालयात एक मराठी बाई मुख्य डॉक्टर म्हणून आल्या. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील लहानपणीच वारले. त्यांच्या ज्ञातीत विधवाविवाहाला मान्यता असल्याने आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या काळच्या रूढीप्रमाणे रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षीच दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. मात्र त्या माहेरीच राहिल्या. शाळा सुटली, तरी पुस्तके मिळवून त्यांनी घरीच अभ्यास चालू ठेवला.

१८८४ साली पतीने नांदायला येण्याची मागणी केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अजाण वयात, आपली संमती न घेता झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये पतीकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली.

समाजात दोन तट पडले. लोकमान्य टिळकांसारखे थोर नेतेही त्यांच्या विरोधात होते. सरकारने आपल्या धर्मात आणि रूढींत हात घालू नये, असे त्यांचे मत होते. दुसरीकडे बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. रखमाबाईंनी स्वतःही टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून बालविवाहाचे दुष्परिणाम मांडले होते. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

येथेच त्यांची गोष्ट संपली असती, तर त्या केवळ एका खटल्यापुरत्या आठवल्या असत्या. परंतु मिळालेले स्वातंत्र्य कशासाठी वापरायचे, हे त्यांनी ठरवले होते. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉ. एडिथ पीची यांनी प्रोत्साहन दिले आणि १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेस गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८९५ मध्ये सुरतेत कामाला लागल्या. पुरुष डॉक्टरकडे जाण्यास संकोचणाऱ्या असंख्य बायकांना त्यांचा आधार मिळाला. पुढे राजकोटच्या स्त्री-रुग्णालयातही त्यांनी सेवा केली. गुजरातेत त्यांनी सुमारे ३५ वर्षे रुग्णसेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले.

त्यांच्या खटल्याने उठलेल्या चर्चेतूनच १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला बळ मिळाले. त्यात मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. आपल्या बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. आज मुलीच्या लग्नाचे किमान वय १८ वर्षे आहे.

तरीही कायदा पुस्तकात असून भागत नाही. एखादी मैत्रीण लग्नासाठी शाळा सोडत असेल, तर तिच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे. पालकांनी आणि शिक्षकांनीही तिला एकटे पाडू नये. रखमाबाईंच्या पाठीशी त्यांचे घर उभे राहिले, म्हणूनच त्या लढू शकल्या.