गोदी कामगारांचे गणपती

सिंगापूरला पाहुणे आले की आम्ही मराठी मंडळी त्यांना एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाच्या जागी नेतो. नेताजींचं नाव निघतं, फोटो काढले जातात. पण युद्ध संपल्यावर त्या सेनेतल्या इथल्याच माणसांचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यातलेच एक एस. ए. गणपती.

जन्म तंजावर जिल्ह्यातला. (तंजावर म्हटलं की आपल्याला भोसले राजे आठवतात, पण हे घर तमिळ.) लहानपणीच ते सिंगापूरला आले. आझाद हिंद सेनेत प्रशिक्षक होते. १९४५ मध्ये जपान शरण गेला, इंग्रज परतले आणि गणपती कामगार चळवळीत उतरले.

तेव्हा तांदूळ मिळत नव्हता, महागाई भडकलेली. तंजोंग पगारच्या गोदीत कामगार आणि मजुरी यांच्या मध्ये कंत्राटदार बसलेला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तिथल्या सुमारे ७,००० कामगारांनी संप केला. पगाराची मागणी तर होतीच, पण जावात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांवर चालून जाणाऱ्या डच सैन्याची शस्त्रं जहाजांवर चढवायलाही त्यांनी नकार दिला. घरात चूल पेटायची मारामार असताना दुसऱ्या देशासाठी काम थांबवायचं, याचं मला फार कौतुक वाटतं. जानेवारी १९४६ च्या सार्वत्रिक संपात तर सिंगापूरचे दीड लाखांच्या आसपास कामगार उतरले.

या लाटेतून अखिल मलाया कामगार महासंघ उभा राहिला. गणपती त्याचे अध्यक्ष. सभासद सुमारे ३ लाख, चिनी आणि भारतीय दोन्ही. महासंघावर कम्युनिस्ट पक्षाचा पगडा होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण म्हणून गोदीतले आणि रबराच्या मळ्यातले प्रश्न काही खोटे ठरत नाहीत.

जून १९४८ मध्ये सरकारने कायदाच बदलला. महासंघ करायचा तर एकाच धंद्यातल्या युनियनचा, आणि पदाधिकाऱ्याला त्या धंद्याचा ३ वर्षांचा अनुभव हवा. थोडक्यात, गोदीवाला आणि मळेवाला एकत्र यायलाच नकोत! महासंघ बेकायदा ठरला, आठवडाभरात आणीबाणी आली, गणपती भूमिगत झाले. पुढे नुसतं शस्त्र जवळ सापडलं तरी फाशी, असा नियम आला.

१९४९ च्या सुरुवातीला रावांगजवळ त्यांना पिस्तुलासह पकडलं. पिस्तूल सापडलं म्हणून पोलिसांकडे द्यायला निघालो होतो, असा त्यांचा बचाव होता. तो मलाही फारसा पटत नाही. पण त्या पिस्तुलातून कुणावर गोळी झाडल्याचा आरोपही नव्हता. भारत सरकारने रदबदली केली, उपयोग झाला नाही. ४ मे १९४९ ला क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात त्यांना फाशी दिली. आदल्याच दिवशी त्यांचे सहकारी, सिंगापूरचे युनियन नेते पी. वीरसेनन, सैनिकांच्या गोळीबारात मारले गेले होते. भारतातल्या वर्तमानपत्रांत संताप उसळला.

जोहोरमध्ये शस्त्रासह पकडलेल्या संबाशिवम नावाच्या दुसऱ्या तमिळ माणसालाही फाशीच झाली होती. त्याचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि १९५० मध्ये तो सुटला.