कोलंबियातील पहिले दिवस

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत असते. परंतु घर सोडून परक्या विद्यापीठात पाऊल ठेवणारा बावीस वर्षांचा भीमराव तेथे कसा स्थिरावला, हा भाग आपण घाईने वाचून पुढे जातो.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने शिष्यवृत्ती मंजूर केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

आरंभी ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण त्यांना मानवेना. मग काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये ते गेले आणि अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना खोली मिळाली. सोबती होते नवल भथेना हे पारशी विद्यार्थी. नव्या विद्यार्थ्याने दोन-तीन वेळा बिऱ्हाड बदलणे यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेला आणि मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत नाकारले गेल्याने फारसी घ्यावी लागलेला हा विद्यार्थी होता. येथे तो इतरांच्या पंगतीला बसत होता आणि दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा तरुण त्याच्याबरोबर एका खोलीत राहत होता.

या मोकळेपणाने पहिले काही महिने त्यांना भुरळ घातली. मित्रमंडळी, खेळ, गप्पा यांत वेळ गेला, असे चरित्रकार नोंदवतात. हा तपशील स्मरणग्रंथांत सहसा गाळला जातो. माझ्या मते तो आवर्जून सांगावा, कारण पुढचा निश्चय त्यामुळेच खरा वाटतो. आपण येथे कशासाठी आलो, घरचे कोणत्या हालात दिवस काढीत आहेत, या विचाराने ते भानावर आले. त्यानंतर त्यांचा मुक्काम ग्रंथालयातच असे. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांचे वर्ग त्यांनी केले. सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून रमाईंना पैसे पाठवायचे असत, त्यामुळे स्वतःच्या खाण्यावर काटकसर आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मात्र सढळ हात, असा त्यांचा हिशेब होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरील निबंध वाचला.

पुढे लंडनचे शिक्षण पैशाअभावी अपुरे राहिले. तेव्हा कोल्हापूरचा संबंध आला. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून या नगरीत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली होती. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ मधले. खेड्यातील मुलगा शिकायला आला तर प्रथम राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावच्या परिषदेत दोघे एका व्यासपीठावर आले. त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा महाराजांनी द्रव्यसाहाय्य केले. उरलेली तजवीज कर्जाने झाली, आणि ते कर्ज देणारे होते लिव्हिंग्स्टन हॉलमधील खोलीचे सोबती, नवल भथेना.