बर्फातून वाट काढणारा कारागीर

मुंबईकरांना ‘बॉम्बार्डियर’ हे नाव ठाऊक झाले ते २०१५ मध्ये धावू लागलेल्या लोकल गाड्यांमुळे. हे नाव ज्याचे, तो जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर रेल्वेचा माणूस मात्र नव्हता. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट या खेड्यात १६ एप्रिल १९०७ रोजी त्याचा जन्म झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने फोर्ड गाडीचे जुने इंजिन आणि विमानासारखा पंखा जोडून बर्फावर धावणारी घसरगाडी तयार केली. ते धूड पाहून वडिलांनी ती ताबडतोब मोडायला लावली. धर्मगुरू होण्यासाठीचे शिक्षण अर्धवट सोडून १९२६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने गावातच गॅरेज थाटले.

त्या काळी क्युबेकचे ग्रामीण रस्ते हिवाळाभर बर्फाखाली गाडलेले असत. मोटारी कोठीत उभ्या राहत आणि घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर पडत. अडचण इंजिनाच्या ताकदीची नव्हतीच. अरुंद टायर भुसभुशीत बर्फात रुतत. शिवाय साधे डिफरन्शियल असे, की एक चाक निसरड्यावर आले की तेच गरगर फिरे आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ राही. टायरना साखळ्या बांधून निसरड्या रस्त्यावर पकड मिळे, पण खोल बर्फात गाडीचा भार पसरणार कसा? वजन मोठ्या पृष्ठभागावर वाटले गेले पाहिजे, हे आर्मांने ओळखले होते. हिवाळ्यामागून हिवाळे तो नवनवे नमुने जोडी आणि मोडी.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन अॅपेंडिक्सच्या विकाराने अत्यवस्थ झाला. शेरब्रुकचे रुग्णालय सुमारे पन्नास किलोमीटरवर. रस्ते बंद. बर्फावर चालू शकेल अशी गाडी बापाच्याच कारखान्यात होती, पण सुटे भाग पसरलेल्या अवस्थेत. मूल दगावले.

त्यानंतर त्याने रबराने मढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा, रबरी पट्ट्यांना पोलादी आडव्या पट्ट्या जोडलेला माळपट्टा सिद्ध केला. पुढे वळण्यासाठी स्की आणि मागे पट्टे, अशी ही रचना होती. १९३७ मध्ये पेटंट मिळाले. सात आसनांची ‘बी-७’ आणि नंतर बारा आसनांची ‘बी-१२’ डॉक्टर, टपाल, शाळकरी मुले आणि रुग्ण यांना घेऊन बर्फावर धावू लागली.

गंमत अशी, की १९४८ च्या सुमारास सरकारने रस्त्यांवरील बर्फ हटवणे सक्तीचे केले आणि त्याचा धंदा कोसळला. मग तो दलदलीत व जंगलात चालणाऱ्या यंत्रांकडे वळला. १९५९ मध्ये एक-दोन माणसांची हलकी ‘स्की-डू’ आली. पहिल्या हंगामात सुमारे सव्वादोनशे विकल्या गेल्या. कर्करोगाने १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले, तेव्हा ‘स्की-डू’ची खरी लाट यायचीच होती.