आधी स्वतःला टोचलं, मग लोकांना विचारलं! हाफकिन यांची गोष्ट

नांदगाव पेठहून अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात ऑपरेशनसाठी गेलं, की पेशंटसमोर एक कागद येतो. संमतीपत्र! घाईघाईत सही करून मोकळे होणारे कमी नाहीत. पण या कागदामागचा प्रश्न मोठा आहे. माणसाच्या शरीराला सुई लावण्याआधी त्याला समजावून सांगायचं की नाही? सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न वाल्देमार हाफकिन यांच्यासमोर होता.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरातला. शिक्षणाने ते डॉक्टर नव्हे, प्राणीशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. कुठे कुठे दगडही पडले. तेव्हा हाफकिन यांनी सोबत भारतीय डॉक्टर घेतले, लोकांना त्यांच्या भाषेत माहिती दिली आणि सगळ्यांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. ते पाहून लोक आपणहून पुढे येऊ लागले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत हाफकिन यांनी काही महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिला डोस पुन्हा स्वतःलाच! ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू जास्त दिसले. अर्थात, तुरुंगातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न आज कुणीही विचारेल. म्हणूनच आता कैद्यांवरच्या प्रयोगांना फार कडक नियम आहेत.

त्याच वर्षी पुण्यात काय घडलं, ते सगळ्यांना माहीत आहे. प्लेगच्या नावाखाली सैनिक घरात शिरले, बायाबापड्यांची तपासणी झाली, सामान जाळलं गेलं. विचारणं नाही, सांगणं नाही. लोकांचा संताप जूनमध्ये रँडवरच्या गोळीबारापर्यंत गेला. उद्देश रोग थांबवण्याचाच होता, पण जबरदस्तीने विश्वास मात्र मेला.

हाफकिन यांचीही परीक्षा झाली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबमधल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढे बाटली गावात उघडताना झालेल्या हलगर्जीपणाकडे बोट गेलं. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण उमेदीची पाच वर्षं गेलीच.

१९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं. त्याआधीच, १९२५ मध्ये, परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं होतं.

डॉक्टरने स्वतःला टोचून दाखवावं, अशी अपेक्षा आज कुणी करत नाही. त्याची जागा माहितीने घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलं. उपचार कोणता, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय आहे का आणि नाही म्हटलं तर काय होईल, हे पेशंटला पुरेसं सांगायला हवं. तपासणीला दिलेला होकार म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे. जीव धोक्यात असेल आणि पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर गोष्ट वेगळी.

तेव्हा सही करण्याआधी हे सहा प्रश्न नक्की विचारा. उत्तर कळलं नाही, तर सोप्या मराठीत पुन्हा सांगायला लावा. तो तुमचा हक्क आहे.