लोणच्याचा आंबटपणा तपासणारी नोबेल विजेती

पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून लालभडक होतो, टम्म सुजतो. नुसती चादर घासली तरी जीव कळवळतो. या दुखण्याला डॉक्टर ‘गाऊट’ म्हणतात. रक्तातलं युरिक अॅसिड वाढलेलं असेल आणि दुखणं पुन्हा पुन्हा उलटत असेल तर अॅलोप्युरिनॉल नावाची गोळी सुरू होते. मैत्रिणींनो, ही गोळी ज्यांनी शोधली त्यात एक बाई होती, हे ठाऊक आहे का? तिचं नाव गर्ट्रूड एलियन.

गर्ट्रूडचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील युरोपातून येऊन तिथे स्थायिक झालेले. वडील दातांचे डॉक्टर. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि घरातला पैसा गेला. पोरगी पंधरा वर्षांची असताना तिचे लाडके आजोबा पोटाच्या कॅन्सरनं तिच्या डोळ्यांदेखत झिजत गेले. रोगावर औषध शोधायचं, हे तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं. मुलींच्या हंटर कॉलेजात फी नव्हती, म्हणून शिक्षण तरी झालं. १९३७ मध्ये ती रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली.

पण पुढे? पुढच्या शिक्षणासाठी कुणी शिष्यवृत्ती देईना, प्रयोगशाळेत कुणी नोकरी देईना. बाई असली की कामावरच्या पुरुषांचं लक्ष विचलित होईल, असंही एका ठिकाणी तिला सांगण्यात आलं. मग तिनं नर्सेसना शिकवलं, शाळेत शिकवलं, बिनपगारी मदतनीस म्हणून प्रयोगशाळेत राबली. पै-पै साठवून १९४१ मध्ये एम.एस्सी. झाली. वर्गात एकटीच मुलगी! त्याच वर्षी आणखी एक घाव बसला. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो तरुण हृदयाच्या जंतुसंसर्गानं गेला. पेनिसिलीन अजून रुग्णांपर्यंत पोचलं नव्हतं. गर्ट्रूडनं पुढे लग्न केलंच नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि बायकांना कामाची दारं थोडी उघडली. एका किराणा कंपनीत ती लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनीजचा रंग तपासायची. अखेर १९४४ मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली मनासारखं काम मिळालं. संध्याकाळी कॉलेज करून पीएच.डी.ही सुरू केली होती. पण नोकरी सोडून पूर्णवेळ या, असं कॉलेजनं बजावलं. तिनं नोकरी धरून ठेवली, पदवी सोडली.

हिचिंग्ज आणि एलियन यांची युक्ती साधी होती. शरीराला लागणाऱ्या पदार्थासारखाच दिसणारा, पण थोडा वेगळा पदार्थ बनवायचा आणि रोगी पेशींना फसवायचं. यातून मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं ६-एमपी हे औषध आलं. १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. मात्र शरीरातलं झँथीन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हे औषध लवकर मोडून टाकायचं. त्या एन्झाइमला अडवायला म्हणून अॅलोप्युरिनॉल वापरून पाहिलं, तर रुग्णांच्या रक्तातलं युरिक अॅसिडच उतरलं!

असं का झालं? आपल्या पेशींमध्ये आणि मटण, कलेजी, मासे अशा पदार्थांमध्ये प्युरीन असतं. ते मोडत मोडत शेवटी त्याचं युरिक अॅसिड होतं आणि बरंचसं लघवीवाटे जातं. जास्त साठलं की सांध्यात सुईसारखे बारीक खडे धरतात. त्यांच्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुटून पडतात, म्हणून सूज आणि ठणका. युरिक अॅसिड होण्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या हेच एन्झाइम पार पाडतं. अॅलोप्युरिनॉल कुलपात अडकलेल्या चुकीच्या किल्लीसारखं त्यात जाऊन बसतं. मग युरिक अॅसिड कमी बनतं आणि जुने खडेही हळूहळू विरघळतात. १९६६ मध्ये या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

म्हणजे बघा, ही दुखणं मारणारी गोळी नव्हे. ठणका शमवायला कोल्चिसीन किंवा सूज उतरवणारी औषधं वेगळी असतात. अॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिले काही महिने उलट दुखणं उसळूही शकतं, म्हणून डॉक्टर कमी डोसनं सुरुवात करतात. दुखायचं थांबलं म्हणून गोळी बंद केली, की एन्झाइम मोकळं होतं आणि खडे पुन्हा धरू लागतात. मात्र अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. आणि गाऊट पुरुषांचाच, असंही समजू नका. पाळी येते तोवर स्त्रीचं संप्रेरक युरिक अॅसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ते कवच कमी होतं.

एलियन-हिचिंग्जच्या प्रयोगशाळेनं ६-एमपीपासून अॅझाथायोप्रीनही घडवलं. ते शरीराच्या अतिउत्साही प्रतिकारशक्तीला आवर घालतं. त्यामुळे किडनी बदलणं शक्य झालं, आणि आमवाताच्या काही रुग्णांनाही ते देतात. पण तेही त्याच एन्झाइमच्या हातून मोडतं. सोबत अॅलोप्युरिनॉल घेतलं तर ते अंगात साठून घातक ठरू शकतं. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालूनच न्या.

१९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत गर्ट्रूडला नोबेल मिळालं. अर्धवट सुटलेल्या पीएच.डी.ची भरपाई विद्यापीठांनी मानद पदव्या देऊन केली. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी ती गेली. बरे झालेल्या रुग्णांची पत्रं तिला यायची आणि ती तिला पुरस्कारांहून मोठी वाटायची. तिची गोळी मात्र आजही औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. घरात कुणाला ती चालू असेल, तर ठणका नसलेल्या दिवशीही ती आठवणीनं द्या.