डॉ. कमल रणदिवे आणि माझा सेमिनार

मागच्या सेमिस्टरला माझ्या वाट्याला सेमिनारचा विषय आला, स्तनाच्या कर्करोगातली ऑटोफॅजी. रूमवर सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मावशीचं ऑपरेशन होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

लायब्ररीत वाचत बसलो तर बरेचसे प्रयोग बाटलीत वाढवलेल्या पेशींवर. आपल्याकडे हे कोणी सुरू केलं म्हणून शोधलं, आणि डॉ. कमल रणदिवे सापडल्या.

बाई पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही केलं नाही! १९३९ साली गणितातल्या माणसाशी लग्न केलं आणि १९४३ मध्ये एम.एस्सी. केली ती सीताफळाच्या कुळातल्या झाडांवर. पुढे मुंबईत टाटा मेमोरियलला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम करत १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यानंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. प्रसिद्ध ‘हेला’ पेशी प्रयोगशाळेत जगवल्या त्या यांनीच. परत आल्यावर बाईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, देशातली पहिली.

त्यांचा एक मोठा प्रश्न होता, पेशीला बिघडवणारा निरोप कुठून येतो? उंदरांवर काम करून त्यांनी हार्मोन, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासला.

आता माझा सेमिनार. रविवारी रात्री मेस बंद असली की आपण ट्रंकेतला जुना चिवडा शोधतो ना, तसंच उपाशी पेशी आपलेच जुने भाग पिशवीत भरून पचवते. ही झाली ऑटोफॅजी. अन्न आणि वाढीचे निरोप येत असले की एमटॉर नावाचं प्रोटीन ती रोखून धरतं. ऊर्जा कमी पडली की एएमपीके जागं होतं आणि एमटॉरला दाबतं. स्तनाच्या अनेक गाठींत वाढीचा निरोप चालूच राहतो. गंमत अशी की ऑटोफॅजी सुरुवातीला गाठीला आवर घालू शकते आणि पुढे तीच गाठीला उपासमारीतून तगवू शकते. इथे सरांनी मला अर्धा तास उभं केलं!

रणदिवेबाईंनी १९७३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. वाशीला तिचं महिलांसाठी होस्टेलही आहे. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ मध्ये त्या गेल्या.

मावशीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे तिच्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन हार्मोनचा निरोप घेतात. डॉक्टर घरातल्या बायकांबद्दल सारखं का विचारत होते, तेही बाईंचं काम वाचल्यावर कळलं. दिवाळीत आईला विचारलं, आजी कशाने गेली? आमच्याकडे ‘छातीचं दुखणं’ एवढंच सांगतात. आई बराच वेळ गप्प बसली, मग हळूच म्हणाली, गाठ होती रे. गेल्या आठवड्यात तिला तपासणीला घेऊन गेलो. रिपोर्ट सोमवारी आहे.